सातबारा नाही, तारण नाही आणि रतांबे पिकायला दोन महिने

आलेलं पत्र, थोडं आखडून:

"आदरणीय काकी, मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय 32, बारावी झालेय, दोन मुलं आहेत. सहा वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांनी टेम्पो घेतला होता. फायनान्सचे हप्ते थकले आणि टेम्पो ओढून नेला. आता ते आंब्याच्या बागेत मजुरीला जातात, पावसात घरी असतात. मी काजूच्या कारखान्यात सोलायला जाते, 300 रुपये रोज. सासूबाई रतांब्यांची (कोकमाच्या फळांची) आमसुलं आणि आगळ (मिठात सुटलेला रस) फार चांगलं करतात, गावात त्यांचं नाव आहे. मला तोच धंदा करायचा आहे. साठवलेले 6,000 रुपये आहेत. बँकेत गेले तर सातबारा आणा म्हणाले. आमच्या सातबाऱ्यावर 23 नावं, निम्मी मुंबईला, चार जण वारलेले. एक जण सबसिडीची केस करून देतो म्हणतो, पण 12,000 आधी मागतो. गटाला कर्ज देणारी एक कंपनी नुसत्या आधार कार्डावर 40,000 द्यायला तयार आहे, हप्ता आठवड्याला 900, पन्नास आठवडे. मिस्टर म्हणतात घेऊन टाक, त्यातून जुनंही थोडं फिटेल. एक दुकानदार आगळाची बाटली 70 रुपयांना घेईन म्हणतो, पैसे गणपतीला. काकी, ज्याच्याकडे पैसा नाही त्यानं धंदा करायचाच नाही का?"

काकी म्हणालीस, म्हणून तुला अगं-तुगं करते. बारा हजार मागणाऱ्या माणसाला आज रात्रीच फोन करून नाही म्हणून सांग. बाकीचं सावकाश बोलू, पण हे लांबणीवर टाकू नकोस. तो उद्या परत येईल आणि आठ हजारांवर तयार होईल, आणि आठ हजार ऐकून तुला वाटेल की चार हजार वाचले.

सरकारी योजनेचा अर्ज करायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना 2020 साली आली, तिच्यात अर्जदाराचे कागद करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमायची आणि तिचं मानधन सरकारनं द्यायचं अशी सोय केली. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, अडलं तर रत्नागिरीला जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारता येतं. आणि सबसिडी म्हणजे काय ते या लोकांनी तुला कधी नीट सांगितलेलं नसतं. आधी बँकेनं कर्ज मंजूर करावं लागतं, अनुदान त्याच्या मागून येतं. ते तुझ्या हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत वेगळं राहतं आणि हप्ते वेळेवर गेले तर कर्जातून वळतं होतं. शिवाय प्रकल्पाच्या पाच-दहा टक्के रक्कम आपल्या पदरची घालावी लागते. म्हणजे बँक नाही म्हणाली तर त्या माणसाकडे तुला द्यायला काहीच नाही, आणि बँकेनं हो म्हटलं तर त्याची गरजच नाही.

आता बँकेचं. मी 22 वर्षं एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते मला ठाऊक आहे. समोर साधी साडी नेसलेली बाई, हातात पिशवी, पिशवीत आधार कार्ड आणि रेशनकार्ड. तिला सातबारा आणा म्हणून सांगितलं की ती परत येत नाही आणि आपलं काम संपतं. मीही असं सांगितलं आहे, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. सातबारा शेतीच्या कर्जाला लागतो. घरात आगळ करायला तुला जमीन नको, जागा हवी, आणि ती स्वतःच्या मालकीचीही असावी लागत नाही. ज्यांच्या नावावर घर आहे त्यांचं संमतीपत्र, लाइटबिल आणि ग्रामपंचायतीचा दाखला यावर जागेचा पुरावा होतो. सूक्ष्म उद्योगाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगून ठेवलं आहे. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु गटातलं कर्ज 50,000 पर्यंतचं, त्यालाही तारण नाही. नाकारलं तर कारण लेखी मागायचा तुला हक्क आहे. "साहेब, नाही म्हणताय ते कागदावर द्या," एवढं वाक्य शांतपणे म्हणता आलं पाहिजे. घरी दोनदा म्हणून बघ, जीभ सरावते.

पण तुला खरं सांगायचं तर या वर्षी तू बँकेत जाऊच नयेस असं माझं मत आहे. का, ते सांगते, आणि त्या चाळीस हजारांपासून सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे.

आज फेब्रुवारी संपत आलाय. रतांबे एप्रिलच्या शेवटी पिकायला लागतात. मार्चच्या सुरुवातीला तू कर्ज उचललंस तर मे संपेपर्यंत तेरा हप्ते होतात, 11,700 रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त एकही रतांबा न फोडता गेलेले असतील. हे पैसे कुठून जातील? त्याच चाळीस हजारांतून, कारण दुसरीकडून येणारच नाहीत. मग आगळ करायला बसलीस की काजूच्या कारखान्यात जाता येणार नाही, म्हणजे आठवड्याचे 1,800 रुपये बंद आणि 900 चा हप्ता चालू. माल विकून पैसे येणार, तेही दुकानदाराच्या हिशोबानं गणपतीला. भाजीची, चहाच्या टपरीची गोष्ट वेगळी, तिथे रोज पैसा येतो आणि आठवड्याचा हप्ता निघतो. रतांब्याचा पैसा वर्षातून एकदा येतो. वर्षातून एकदा येणाऱ्या पैशाला दर आठवड्याचा हप्ता जोडला की चांगला चाललेला धंदासुद्धा बुडतो, आणि गावात सगळे म्हणतात, तिला जमलं नाही. अशी माणसं मी टेबलासमोर पाहिली आहेत. धंदा त्यांना येत होता. त्यांच्या पैशाची येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ जुळत नव्हती, एवढंच.

2022 पासूनच्या नियमानं अशा कंपन्यांनी घराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त हप्ते लादायचे नाहीत, आणि हप्ता कधी द्यायचा यात कर्जदाराची सोय बघायची आहे. तरीही दारात येणारा वसुलीचा माणूस आठवड्यालाच येतो, आणि तू भरला नाहीस तर गटातल्या बाकीच्या बायकांना तुझ्या घरापुढच्या खळ्यात बसवून ठेवतो. ज्या शेजारणीकडे उद्या तुला रतांबे मागायचे आहेत, तिलाच.

मिस्टरांचं म्हणणं मला समजतं. टेम्पो गेला तो दिवस त्यांच्या मनातून गेलेला नाही, आणि जुनं फिटावं असं वाटणं चुकीचं नाही. पण धंद्याच्या नावानं काढलेला पैसा जुन्या देण्यात गेला तर जुनं थोडं कमी होईल आणि नवं पूर्ण उभं राहील. त्यांच्याशी भांडू नकोस. वहीत दोन पानं कर, एक टेम्पोचं, एक आगळाचं, आणि म्हण की या पानावरचा रुपया त्या पानावर जाणार नाही. अजून एक. टेम्पोच्या कर्जाला तू जामीन म्हणून सही केली होतीस का? आठवून बघ, बायकोची सही बऱ्याचदा घेतात. केली असशील तर ती थकबाकी तुझ्याही नावावर दिसते. वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीची नोंद, फुकट मिळतो, शिकलेल्या भाच्या-पुतण्याला सांगून तो काढून घे. पुढच्या वर्षी बँकेत बसल्यावर हे पहिल्यांदा कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आता दुकानदाराचं, आणि इथे मला माझ्या आईबद्दल सांगावं लागेल.

बाबा लालबागच्या एका गिरणीत होते. जानेवारी 1982 मध्ये संप झाला आणि मनिऑर्डर बंद झाली. आमच्या वाडीत जवळपास प्रत्येक घरात हेच. मी तेव्हा चौदा वर्षांची. आईनं शेजारून दोन-दोन पायली कुळीथ उसने आणले, भाजले, जात्यावर भरडले, पाखडून सालं काढली आणि पीठ दळलं. पहाटे जात्याचा आवाज सुरू व्हायचा, माझी झोप त्या आवाजातच मोडायची. पीठ सुरेख होतं. लोक न्यायला यायचे. दोन-तीन महिन्यांत तिनं किती विकलं असेल! आणि चैत्रात बघतो तर कुळीथ परत करायलाही पैसे नव्हते. माझ्या इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहून ठेवत असे: धाकट्या काकी, दीड शेर, बाकी. वरच्या घरची, एक शेर, बाकी. पानंच्या पानं बाकी. सगळी भावकी. त्यांच्याही मनिऑर्डरी बंद, त्यांच्याकडे मागायचं कोणत्या तोंडानं? आई मागू शकली नाही, आणि ते देऊ शकले नाहीत. जातं थांबलं.

पुढल्या वर्षी तिनं पुन्हा उसने कुळीथ आणले. पण वाडीत विकलं नाही. मे महिन्यात मुंबईला परत जाणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या जिथून सुटायच्या, तिथे एसटीच्या थांब्यावर फडक्यात बांधलेल्या पुड्या घेऊन उभी राहिली. ओळखीचं माणूस दिसलं तर तोंड फिरवायची. लाजेनं नव्हे, उधार मागेल म्हणून. त्या मे महिन्यात आमच्या घरी रोख पैसे आले.

म्हणून तुला सांगते, उधारीवर माल देऊ नकोस. ज्याच्याकडे भांडवल आहे तो उधार देऊ शकतो. तू मे महिन्यात दिलेल्या मालाचे पैसे गणपतीला घेतलेस म्हणजे तीन-चार महिने त्या दुकानदाराला तूच बिनव्याजी कर्ज दिलंस, 6,000 रुपये शिल्लक असलेल्या बाईनं. शिवाय त्या भावात तुला सुटतं काय ते एकदा मांडून बघू. आकडे मी अंदाजानं धरते, तू तुझे घाल.

लिटरच्या शंभर बाटल्या आगळ करायचं म्हणू. बाटल्या आणि झाकणं 900, लेबलं 200, मीठ 500, विकत घेतले तर रतांबे 2,000, रिक्षा-एसटी 600. झाले 4,200, म्हणजे बाटलीला 42. इथवर सगळ्या बायका मांडतात, आणि म्हणतात की सत्तरला विकली तर 28 सुटले. पण तू आणि सासूबाई पाच-पाच दिवस राबलात. तुझा रोज 300 आहे, त्यांचाही तेवढाच धर. 3,000 रुपये, बाटलीला 30. आता बाटली पडली 72 ला आणि दुकानदार देतो 70. तू त्याला घरचे दोन रुपये घालून माल देणार होतीस. सासूबाईंची मजुरी कशाला धरायची असं मनात येईल, घरच्याच आहेत. धरायचीच. ती धरली नाही म्हणून आपल्याकडच्या किती आज्या आयुष्यभर वाटीनं पापड-लोणची विकून रिकाम्या हातानं गेल्या.

तीच बाटली मुंबईच्या माणसाला 130 ला दिलीस तर चित्र वेगळं दिसतं. आणि मुंबईची माणसं तुझ्याकडे आहेत, तीही एकगठ्ठा. सातबाऱ्यावरची ती निम्मी नावं! त्यांची सही मिळवायला दहा वर्षं लागतील, पण त्यांना आगळ विकायला दहा मिनिटं लागतात. तुमच्या वाडीचं मुंबई मंडळ असेलच, आणि मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही. मार्चमध्ये त्यावर निरोप टाक की सासूबाईंच्या हातचं आगळ या मे महिन्यात मिळेल, निम्मे पैसे आधी, माल गावी आल्यावर किंवा लक्झरी बसनं. शंभर बाटल्यांतल्या चाळीसांचे निम्मे पैसे आधी आले तरी 2,600 रुपये झाले, आणि ते कोणाच्या दारात मान खाली न घालता. आगाऊ घेताना भीती वाटेल, माल नाही झाला तर काय. म्हणून चाळीसच घे, शंभर घेऊ नकोस.

रतांब्यांवरही 2,000 घालायची गरज नाही. तुझ्या वाडीत बंद घरं किती आहेत? त्या घरांमागे रतांबीची झाडं आहेत आणि दरवर्षी फळ पडून कुजतं. मालकांना आत्ताच फोन करून विचार, वाट्यानं देता का. त्यांना चार बाटल्या आगळ आणि अर्धा किलो आमसुलं, बाकी तुझं. होकार मेसेजमध्ये लिहून घे. "झाडाला हात कोणी लावला" यावरून आपल्याकडे तीन पिढ्या बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

या वर्षी भर आगळावर दे. आमसुलं खळ्यात मावतील तेवढीच. सासूबाईंना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण पैशाच्या नजरेनं बघ: आमसुलाला सालं रसात बुडवून वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, आणि प्रत्येक वेळी कडक ऊन हवं. मे महिन्याच्या मधल्या एका वळवाच्या सरीत सगळं लादीवर पसरलेलं काळं पडतं, बुरशी धरते. आगळाला सालं मिठात घातली की ऊन-पावसाशी फारसा संबंध नाही, रोज ढवळायचं आणि रस सुटला की गाळायचं. भांडं स्टीलचं, चिनी मातीचं नाहीतर खाण्यासाठीच्या प्लॅस्टिकचं. अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबट त्याला खातं. बाटली आणि गाळणं पूर्ण कोरडं, पाण्याचा थेंब राहिला तर माल टिकत नाही. भांडी विकत घेऊ नकोस, मंडळाची मोठी पातेली वर्षभर मंदिरात पालथी पडलेली असतात. बिया फेकू नकोस, वाळवून ठेव, मुठेल (बियांचं घट्ट तेल) काढणारे त्या घेतात.

आणि हे करताना वजनकाटा जवळ ठेव. दहा किलो रतांब्यांतून साल किती निघाली, मीठ किती लागलं, आगळ किती बाटल्या उतरलं, आमसूल वाळून किती ग्रॅम राहिलं. हे दर झाडागणिक बदलतं, म्हणून तुझ्या झाडांचं तूच लिहायचं. सासूबाईंचं प्रमाण हाताच्या मुठीत आहे. त्यांनी मूठभर मीठ घेतलं की ती मूठ काट्यावर ठेवायला सांग. पहिल्यांदा रागावतील.

परवान्याचं थोडक्यात. खाण्याची वस्तू बांधून विकायची तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, छोट्या उद्योगाला तिची फी वर्षाला 100 रुपये, ऑनलाइन होते. नोंदणीचा नंबर, वजन, घटक, केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, किंमत आणि तुझा पत्ता लेबलवर हवा. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे, तिचेही पैसे घेणारे भेटतील. कोकणच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव लेबलवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, तेव्हा या वर्षी ते राहू दे.

तुझं स्वतःचं, एकटीचं खातं आहे का? नसेल तर ते या आठवड्यातलं काम. जनधनचं असलं तरी चालेल. क्यूआर कोड त्याच खात्याचा लाव, मिस्टरांच्या नव्हे. मुंबईहून येणारा प्रत्येक 65 रुपयांचा आगाऊ हप्ता त्या पासबुकात उमटू दे. रोखीनं मिळालेलेही तिथेच भर आणि लागतील तसे काढ. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तू बँकेत जाशील तेव्हा पिशवीतून आधार आणि रेशनकार्डाच्या जोडीला हे पासबुक काढशील, एका हंगामाची वही काढशील, उद्यमचा कागद काढशील. मी त्या खुर्चीत बसलेली असते तर अशा बाईला सातबारा मागायचं माझं धाडस झालं नसतं. कर्ज नको म्हणतेय ते आत्ता. पुढच्या वर्षी, शंभराच्या पाचशे बाटल्या करायच्या झाल्या तर बाटल्यांना आणि रतांब्यांना पैसा लागेलच, आणि तेव्हा तो हक्कानं घ्यायचा.

बचत गटाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. वाडीत उमेदचा (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) किंवा माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) गट असेल तर त्यात शिर. कंपनीच्या गटात आणि या गटात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे आपलीच बचत जमते, आपल्यातच फिरते, व्याज गटातच राहतं, हप्ता किती आणि कधी ते बैठकीत बायका ठरवतात. रतांब्याचा पैसा जूनमध्ये येतो, तेव्हा मी जूनमध्ये फेडीन, असं तिथे म्हणता येतं, आणि त्यांना ते कळतं कारण त्यांच्याही घरामागे रतांबी आहे. अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटातल्या बाईला भांडवल आणि लहान अवजारांसाठी 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल देण्याची सोय त्या 2020 च्या योजनेत केली होती. ते गटांच्या संघामार्फत परतफेडीच्या बोलीवर मिळतं. योजनांच्या मुदती संपतात, वाढतात, तेव्हा पंचायत समितीत उमेदच्या कक्षात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचार. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहून-खाऊन मोफत शिकवतात, पण तुला आगळ शिकायचं नाही. हिशोब आणि पॅकिंगचा वर्ग असला तरच जा, नाहीतर रोज बुडेल.

सातबाऱ्याचं काम धंद्याशी न जोडता बाजूनं चालू ठेव. वारलेल्या चौघांची वारस नोंद ही पहिली पायरी. मृत्यूचे दाखले गोळा करणं हे पावसाळ्यातलं काम, मिस्टर तेव्हा घरी असतात, ते त्यांच्याकडे दे. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असेल तर तहसीलदाराकडे कलम 85 खाली वाटणी होते, पण 23 जणांची संमती हे लांबचं स्वप्न आहे, त्यावर धंदा अडवून ठेवू नकोस. त्याआधी घराच्या नमुना 8 वर तुमच्या दोघांची नावं लागतील का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचार. ते लवकर होण्यासारखं आहे.

तू विचारलंस, ज्याच्याकडे पैसा नाही त्यानं धंदा करायचाच नाही का. मला यावर गोड बोलायचं नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला हे सगळं सोपं जातं. त्याला बाटल्या हजारानं घेतल्या की स्वस्त पडतात, तुला शंभर महाग पडतात. त्याला कर्ज कमी व्याजानं दारात येतं, तुला जास्त व्याजानं. त्याचा एक हंगाम बुडाला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, तुझा बुडाला तर मुलांच्या शाळेच्या चपला अडतात. हे बरोबर नाही, आणि यात तुझा काही दोष नाही. पण याच कारणानं तुझ्या धंद्याची पहिली पायरी त्याच्यासारखी असून चालणार नाही. त्यानं मशीनपासून सुरुवात केली तर चालतं. तू शंभर बाटल्यांपासून कर. माझा हिशोब खरा ठरला आणि रतांबे वाट्यानं मिळाले तर तुझ्या सहा हजारांतले 2,200 च लागतील. उरलेल्यांना हात लावू नकोस, आजारपण आलं तर ते हवेत.

कारखान्यातलं कामही सोडू नकोस. आगळाचे पाच दिवस सुट्टी सांग, पुन्हा जा. मुकादम कुरकुर करेल, तेवढं सोसायचं.

निरोप कसा लिहायचा असं वाटेल, म्हणून खाली देते. यात नाव आणि गाव घाल आणि सासूबाईंचा फोटो लाव, पदर खोचून खळ्यात बसलेल्या असतील तसाच.

"नमस्कार. आपल्या वाडीतल्या रतांब्यांचं आगळ आईंच्या हातचं या मे महिन्यात करत आहोत. फक्त रतांबे आणि मीठ. एक लिटर 130 रुपये. फक्त चाळीस बाटल्यांची नोंदणी घेत आहे. नोंदणीला 65 रुपये या नंबरवर, उरलेले माल घेताना. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गावात मिळेल, मुंबईला हवं असेल तर लक्झरीचं भाडं वेगळं. घरामागच्या रतांबीची फळं कोणाची पडून जात असतील तर कळवा, वाट्यानं काढू."

शेवटचं वाक्य गाळू नकोस, त्यावरच जास्त फोन येतील. पहिल्या दहा किलोंचं वजन झालं की मला पत्र टाक, आणि सासूबाईंना विचार, आमसुलाला त्या रसाचे पूट किती देतात. आमची आई पाच द्यायची.